शिडावरून वाऱ्याची पारख

वारा डोळ्यांना दिसत नाहीं. तो ओळखावयाचा त्याच्या करणीवरून. पिंपळाचें पान सळसळलें, धुराची रेघ वांकली, दोरीवर वाळत घातलेलें धोतर फडफडूं लागलें, म्हणजे वारा सुटला असें लोक म्हणतात. परंतु तो किती सुटला, या प्रश्नाचें उत्तर देतांना माणसांची भाषा तोकडी पडते. एकाच अंगणांत उभ्या असलेल्या दोघांपैकीं एक म्हणतो, 'झुळूक आहे'. दुसरा म्हणतो, 'भणाणलें आहे अगदीं!' घराच्या अंगणांत हा मतभेद निरुपद्रवी असतो. भर समुद्रांत, आभाळाएवढें कापड ताणून चाललेल्या जहाजावर मात्र तोच मतभेद शेंकडों माणसांच्या जिवावर बेततो. म्हणूनच वाऱ्याला मोजमाप लावण्याची निकड प्रथम पंडितांना नव्हे, तर खलाशांना भासली. आणि त्यांनीं तें माप शोधलें तेंहि आपल्या हातांतल्या वस्तूंत, म्हणजे शिडांत.

अठराव्या शतकांतील इंग्रजी जहाजांच्या रोजनिशा चाळल्या, तर प्रत्येक कप्तानानें हवामानाची नोंद केलेली आढळते. पण ज्याचा त्याचा शब्द निराळा. उत्तर समुद्रांत मुरलेला कप्तान ज्याला 'ताजा वारा' म्हणे, त्यालाच पहिल्या सफरीवरचा तरुण अधिकारी 'वादळ' म्हणे. २६ नोव्हेंबर १७०३ च्या रात्रीं, जुन्या कालगणनेप्रमाणें, दक्षिण इंग्लंडवर जें प्रलयंकर वादळ कोसळलें, त्यांत हजारों खलाशी बुडाले आणि एडिस्टन खडकावरील दीपगृह त्याच्या बांधणाऱ्या विन्स्टॅन्लेसह नाहींसें झालें. डॅनियल डेफो यानें पुढच्याच वर्षीं त्या वादळावर 'द स्टॉर्म' नांवाचें पुस्तक लिहिलें. त्यांत खलाशांच्या तोंडचीं वाऱ्याचीं बारा नांवें त्यानें निवांतपणापासून तुफानापर्यंत चढत्या क्रमानें दिलीं आहेत. त्यांतील एक नांव ध्यानांत घेण्यासारखें आहे. डोलकाठीच्या मधल्या शिडावरूनच तें नांव पडलें होतें. वाऱ्याचें नांव शिडावरून ठेवण्याची रीत ही अशी खलाशांच्या बोलींत पूर्वींपासूनच रुजलेली होती.

या बोलीला गणिताची जोड मिळाली ती जमिनीवर. जॉन स्मीटन या इंग्रज स्थापत्यकारानें एडिस्टनचें दीपगृह नव्यानें बांधून १७५९ सालीं पुरें केलें. आणि त्याच सालीं पाणचक्क्या व पवनचक्क्या यांच्या शक्तीविषयीं एक निबंध रॉयल सोसायटीपुढें वाचला. त्यांत वाऱ्याचा वेग, त्याचा दाब आणि त्याचें नित्याच्या बोलण्यांतील नांव, अशीं तिन्ही शेजारीं शेजारीं मांडलेलें एक कोष्टक होतें. पवनचक्कीचें पातें म्हणजे तरी काय? जमिनीवर खिळलेलें शीडच तें. ईस्ट इंडिया कंपनीचा नकाशाकार अलेक्झांडर डॅलरिंपल, जो १७९५ सालीं ब्रिटिश आरमाराचा पहिला जलालेखक झाला, त्यानें हा धागा उचलून समुद्रासाठीं तशीच एक श्रेणी मांडली होती. तेव्हां पुढें ज्याचें नांव या मापाला कायमचें चिकटलें, त्या फ्रॅन्सिस बोफर्टनें तें शून्यांतून निर्माण केलें नाहीं. इतरांनीं अर्ध्यावर सोडलेलें काम त्यानें तडीस नेलें, हाच त्याचा मोठेपणा.

बोफर्टचा जन्म १७७४ सालीं आयर्लंडांत नॅव्हन येथें झाला. बाप धर्मोपदेशक, पण नाद नकाशांचा. त्यानें आयर्लंडचा एक उत्तम नकाशा तयार केला होता. मुलानें १७८९ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, कंपनीच्या 'व्हॅन्सिटार्ट' जहाजावर पाय ठेवला. सुमात्र्याजवळील गॅस्पार सामुद्रधुनीची पाहणी करतांना तें जहाज उथळ पाण्यांत आदळून फुटलें. समुद्राविषयींचें ज्ञान अपुरें असलें म्हणजे काय होतें, याचा हा पहिलाच धडा त्याला भर कोवळ्या वयांत मिळाला. पुढें तो आरमारांत शिरला. १८०० सालीं स्पेनच्या किनाऱ्यावर शत्रूचें जहाज हस्तगत करतांना त्याच्या अंगावर १९ जखमा झाल्या. त्यांतून तो वांचला आणि १८०५ सालीं 'वुलिच' हें जहाज त्याच्या हातीं आलें. पण तें सामान वाहून नेण्याच्या कामावर लाविलेलें. लढाऊ जहाजाची आस धरून बसलेल्या या अधिकाऱ्याची त्यामुळें निराशाच झाली. परंतु त्या रिकामपणांतच १३ जानेवारी १८०६ रोजीं त्यानें आपल्या खाजगी रोजनिशींत वाऱ्याची शून्यापासून तेरापर्यंतची एक श्रेणी लिहून काढली आणि पुढें प्रत्येक नोंद या आंकड्यांनींच करण्याचा नेम केला. दुसऱ्या वर्षीं त्यानें एक पायरी गाळून श्रेणी बारावर आणली आणि तिला जोड दिली ती शिडांची. खरी किमया येथेंच आहे.

ती समजण्यासाठीं त्या काळचें लढाऊ जहाज डोळ्यांपुढें आणिलें पाहिजे. तीन उंच डोलकाठ्या. प्रत्येकीवर खालीं एक मोठें शीड, त्याच्यावर मधलें, त्याच्यावर वरचें आणि अगदीं शेंड्याला एक लहानसें. मधल्या शिडाच्या अंगावर आडव्या ओळींनीं दोऱ्या शिवलेल्या असत. वारा वाढला कीं खलाशी परबाणावर चढून शिडाची एक घडी करीत आणि ती या दोऱ्यांनीं बांधून टाकीत. आणखी वाढला कीं दुसरी घडी, मग तिसरी. असें शीड आंखडत जाई.

आतां बोफर्टची श्रेणी अशी वाचावयाची. शून्य म्हणजे वारा नाहीं. एक म्हणजे जहाज सुकाणूला कसेंबसें दाद देईल इतकाच. दोन, तीन आणि चार या पायऱ्यांना सर्व शिडें उभारलेलीं असतात. फरक फक्त जहाजाच्या गतीचा. दोनच्या वाऱ्यांत तें शांत पाण्यावर ताशीं एक-दोन सागरी मैल जातें, तीनच्या वाऱ्यांत तीन-चार आणि चारच्या वाऱ्यांत पांच-सहा. पांचपासून प्रश्न बदलतो. आतां जहाज किती जोरानें जाईल हें विचारावयाचें नाहीं, तर तें किती शिडें सोसूं शकेल हें विचारावयाचें. पांचला शेंड्याचीं शिडें अजून टिकतात. सहाला तीं उतरतात आणि मधल्या शिडांना एक घडी पडते. सातला दोन घड्या, आठला तीन, नऊला तीं पुरतीं आंखडलेलीं. दहाला मुख्य डोलकाठीचें आंखडलेलें मधलें शीड आणि पुढच्या काठीचें घडी घातलेलें खालचें शीड, एवढेंच कसेंबसें तग धरतें. अकराला तुफानासाठीं राखून ठेवलेलीं जाड कापडाचीं लहान त्रिकोणी शिडें तेवढीं उरतात. आणि बारा म्हणजे असा वारा, कीं ज्यापुढें कोणतेंहि कापड टिकावयाचें नाहीं.

या मांडणींत वाऱ्याच्या वेगाचा एकहि आंकडा नाहीं. तरीहि ती अचूक ठरली, याचें कारण असें, कीं वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. वेग चौपट झाला तर दाब सोळापट. माणसाच्या कातडीला हा हिशेब कळत नाहीं. पण डोलकाठीला तो नेमका कळतो. दाब वाढला कीं कापड कमी केलेंच पाहिजे, नाहींतर काठी मोडते. म्हणजे उरलेल्या शिडांचा आकार हें वाऱ्याच्या दाबाचें उलट्या बाजूनें केलेलें मापच होय. आज वाऱ्याचा वेग नॉटमध्यें, म्हणजे ताशीं सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. त्या हिशेबानें बोफर्टचा पांचवा वारा १७ ते २१ नॉटचा, आठवा ३४ ते ४० नॉटचा आणि बारावा ६४ नॉट व त्यापुढचा ठरला आहे.

बोफर्टच्या युक्तींतील दुसरें मर्म माणसाच्या स्वभावाशीं निगडित आहे. एखादें जहाज किती शिडें वाहतें हें केवळ वाऱ्यावर नव्हे, तर कप्तानाच्या छातीवरहि अवलंबून असतें. भित्रा कप्तान सहाच्या वाऱ्यांत आठची तयारी करील. उतावळा आठच्या वाऱ्यांत सहाचीं शिडें ठेवून काठी मोडून घेईल. म्हणून बोफर्टनें दोन अटी घातल्या. जहाज उत्तम स्थितींतील लढाऊ जहाज असावें, ही पहिली. आणि वरच्या पायऱ्या मोजतांना तें शत्रूचा पाठलाग करीत आहे असें मानावें, ही दुसरी. पाठलागांत कोणीहि कप्तान शक्य तितकें शीड उतरवीत नाहीं आणि काठी मोडून शत्रू हातचा घालवीतहि नाहीं. अशा रीतीनें भीति आणि बढाई हीं दोन्ही मापांतून बाजूला पडतात आणि उरतो तो केवळ वारा. शास्त्राला जी निःपक्षपाती वृत्ति लागते, ती या खलाशानें एका साध्या अटींत बांधून टाकली.

ज्या जातीच्या जहाजावर हें माप घेतलें गेलें, त्या जातीचें एक जहाज आजहि पाण्यावर तरंगत आहे, आणि तें मुंबईंत बांधलेलें आहे, ही गोष्ट महाराष्ट्रांतील वाचकास ठाऊक असावी. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील जमशेदजी बमनजी यांच्या देखरेखीखालीं सागवानी लांकडाचें 'ट्रिंकोमाली' हें जहाज तयार झालें आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं तें पाण्यांत सोडण्यांत आलें. ओकच्या लांकडाचीं त्याचीं अनेक समकालीन भावंडें केव्हांच कुजून गेलीं; मुंबईचें सागवान मात्र टिकलें. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल येथें त्याची काळजीपूर्वक दुरुस्ती होऊन तें आतां लोकांना पाहावयास मिळतें. बोफर्टच्या सहाव्या आणि सातव्या वाऱ्याचा अर्थ पुस्तकावाचून समजून घ्यावयाचा असेल, तर त्या जहाजाच्या तीन काठ्यांकडे पाहावें.

बोफर्टची श्रेणी बरींच वर्षें त्याच्या स्वतःच्या रोजनिशींतच राहिली. १८२९ सालीं तो आरमाराचा जलालेखक झाला, तेव्हां ती इतरांच्या हातीं जाण्याचा मार्ग मोकळा झाला. १८३१ सालीं रॉबर्ट फिट्झरॉय 'बीगल' जहाज घेऊन जगाच्या पाहणीस निघाला, त्या वेळीं बोफर्टनें त्याला आपली श्रेणी वापरावयास दिली. याच सफरीवर चार्ल्स डार्विन होता आणि त्याची निवड होण्यांतहि बोफर्टचा हात होता. शेवटीं १८३८ सालीं आरमारानें आपल्या सर्व जहाजांना हीच श्रेणी लावून दिली. आतां पोर्टस्मथचा 'सात' आणि बंगालच्या उपसागरांतील 'सात' एकच झाला.

हा एकसारखेपणा किती मोलाचा आहे, तें १८५९ सालीं दिसून आलें. ऑस्ट्रेलियांतून सोनें आणि प्रवासी घेऊन लिव्हरपूलकडे येणारें 'रॉयल चार्टर' जहाज २६ ऑक्टोबर रोजीं वेल्सच्या अँगलसी बेटाच्या खडकांवर आपटून फुटलें. घर अवघ्या कांहीं तासांच्या अंतरावर आलें असतां सुमारें साडेचारशें माणसें बुडालीं. फिट्झरॉय त्या वेळीं हवामानखात्याचा प्रमुख होता. निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी एकत्र करून त्यानें त्या वादळाचा प्रवास कागदावर उतरविला, आणि तें येत असल्याची सूचना तारेनें पुढच्या बंदरांना देतां आली असती हें दाखवून दिलें. १८६१ च्या फेब्रुवारीपासून ब्रिटिश बंदरांवर वादळाचे इशारे लागूं लागले. जर प्रत्येक ठिकाणचा निरीक्षक आपापल्या शब्दांत वारा सांगता, तर तारेनें आलेल्या त्या बातम्यांचा मेळ बसला नसता. १८७४ सालीं आंतरराष्ट्रीय हवामान-समितीनें तारेच्या संदेशांसाठीं बोफर्टचे आंकडे मान्य केले. बोफर्ट १८५७ सालींच वारला होता.

परंतु याच सुमारास शिडांचा काळ सरत आला होता. वाफेच्या जहाजांनीं समुद्र व्यापला, आणि ज्या मोजपट्टीनें वारा मोजावयाचा ती मोजपट्टीच नाहींशी होऊं लागली. यंत्रानें वारा मोजण्याचे प्रयत्न चालूच होते. आयर्लंडांतील आर्मा येथील वेधशाळेचा प्रमुख रॉबिन्सन यानें १८४६ सालीं फिरत्या वाट्यांचा वायुवेगमापक सिद्ध केला. योगायोग असा, कीं हा रॉबिन्सन बोफर्टचा साडू होता. एजवर्थ घराण्यांतील दोन बहिणी या दोघांना दिलेल्या. एका घरांत शिडाचें माप आणि दुसऱ्या घरांत वाट्यांचें! परंतु दोहोंचा मेळ घालणें सोपें नव्हतें, आणि यंत्र तर सर्वत्र नसेच. १९०६ सालीं जॉर्ज सिम्प्सन या हवामानशास्त्रज्ञानें बोफर्टच्या प्रत्येक पायरीला जमिनीवरील खूण जोडून दिली. दोनला पानें सळसळतात. तीनला हलकें निशाण पसरतें. चारला धूळ आणि कागदाचे कपटे उडतात. पांचला लहान झाडें डोलतात. सहाला तारायंत्राच्या तारा शिट्या घालतात आणि छत्री सांवरणें कठीण जातें. आठला डहाळ्या मोडतात. दहाला झाडें उन्मळून पडतात. याच सिम्प्सनची त्याच वर्षीं हिंदुस्थानच्या हवामानखात्यांत नेमणूक झाली आणि पुढील कित्येक वर्षें तो येथें होता. समुद्रासाठींहि पुढें पेटर्सन या जर्मन कप्तानानें लाटांच्या आणि फेंसाच्या रूपावरून खुणा ठरविल्या. शीड गेलें; पण शिडानें आंखून दिलेल्या बारा पायऱ्या राहिल्या.

आणि मग, शिडें विसरलीं गेल्यावर, तीं एका खेळाच्या रूपानें परत आलीं. विंडसर्फिंग म्हणजे लाटांवर फळी टाकून तिच्यावर उभें राहावयाचें आणि हातांत शीड धरून वाऱ्यावर स्वार व्हावयाचें. १९५८ सालीं पीटर चिल्व्हर्स या इंग्रज मुलानें अशी फळी केली होती. १९६४ च्या सुमारास अमेरिकेंत न्यूमन डार्बीनें तसाच प्रयोग केला. १९६८ सालीं कॅलिफोर्नियांतील होइल श्वाइट्झर आणि विमानशास्त्रज्ञ जिम ड्रेक यांनीं डोलकाठी सर्व बाजूंना कलेल अशा सांध्याच्या फळीसाठीं पेटंटचा अर्ज केला. पुढें ब्रिटिश न्यायालयांत त्या पेटंटाविरुद्ध चिल्व्हर्सच्या बालपणींच्या फळीचाच दाखला पुढें आला. १९८४ सालीं लॉस एंजल्सच्या ऑलिंपिकांत या खेळाला स्थान मिळालें.

या फळीवरचें शीड जहाजाच्या शिडाप्रमाणें घडी घालून आंखडतां येत नाहीं. म्हणून स्वाराला निरनिराळ्या आकारांचीं शिडें जवळ बाळगावीं लागतात आणि पाण्यांत उतरण्यापूर्वींच वाऱ्याचा अंदाज बांधून त्यांतील एक निवडावें लागतें. साधारण ७५ किलो वजनाचा सराईत माणूस चारच्या वाऱ्यांत सात चौरस मीटरच्या आसपासचें शीड घेतो. पांचला पांच ते साडेपांच. सहाला साडेचारच्या जवळपास. आणि सातला चारहूनहि कमी. नुसतें कागदावरचें गणित पाहिलें, तर वारा दुप्पट होतांच शीड चौथाईवर यावयास पाहिजे. प्रत्यक्षांत तें साधारणतः निम्म्यावर येतें. कारण अंग बाहेर झोकून आणि शीड किंचित् मोकळें सोडून कसलेला स्वार वाढलेला दाब बराच पेलतो. तथापि उतरती भांजणी स्पष्ट आहे. म्हणूनच किनाऱ्यावर पांच-पंचवीस शिडें दिसलीं, तर जाणता माणूस यंत्र न पाहतांहि सांगतो, कीं आज वारा पांचचा आहे, किंवा सहाचा.

पण येथेंच बोफर्टच्या दोन अटींची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. त्याचें जहाज ठरलेलें होतें. फळीवरचा माणूस ठरलेला नसतो. ५५ किलोची मुलगी आणि ९५ किलोचा गडी एकाच वाऱ्यांत फार निराळीं शिडें घेतात. शिकाऊ माणूस लहान शीड घेतो, शर्यतींत उतरणारा मोठें घेतो. आणि कोणी केवळ दुसऱ्यानें घेतलें म्हणून आपणहि घेतो. शिवाय वारा एकसारखा वाहत नाहीं. यंत्रावरचा आंकडा मोकळ्या जागीं दहा मीटर उंचीवर घेतलेला आणि कांहीं मिनिटांची सरासरी असतो. झोत त्याहून पुष्कळच मोठा असतो. तेव्हां एका शिडावरून निदान करूं नये. पुष्कळ शिडें पाहावीं, तीं धरणाऱ्यांचीं वजनें आणि तयारी ध्यानांत घ्यावी, आणि मगच आंकडा उच्चारावा. जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यांत तर ही सावधगिरी जिवाची आहे. कारण शीड झेपलें नाहीं तर फळी किनाऱ्याकडे परत न येतां खोल पाण्याकडे जाते.

बोफर्टच्या पायऱ्या अजूनहि पुसल्या गेलेल्या नाहींत. भारतीय हवामानखात्याची चक्री वादळांची प्रतवारी पाहिली, तर तिच्या सीमा ओळखीच्या वाटतात. १७ नॉटपासून कमी दाबाचा पट्टा 'डिप्रेशन' होतो, २८ पासून तो 'डीप डिप्रेशन' होतो, ३४ पासून चक्री वादळ, ४८ पासून तीव्र चक्री वादळ आणि ६४ पासून अति तीव्र. हेच आंकडे बोफर्टच्या पांच, सात, आठ, दहा आणि बारा या पायऱ्यांचे उंबरठे आहेत. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर चढलें आणि कोंकणांतील नारळी-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्या वर्षीं मे महिन्यांत 'तौक्ते' वादळांत मुंबईपासून दूर समुद्रांत एक तराफा बुडून त्यावरील अनेक कामगार प्राणांस मुकले. या दोन्ही वादळांना हवामानखात्यानें जीं नांवें दिलीं, त्या नांवांमागें मधल्या शिडाच्या घड्या मोजणारे ते खलाशीच उभे आहेत.

आज उपग्रह वारा पाहतो आणि यंत्र तो मोजतें. तरीहि आंकडा हातीं आल्यावर, तो मला झेपेल काय, हा प्रश्न उरतोच. आणि त्याचें उत्तर कोणतेंहि यंत्र देत नाहीं. पाण्यांत उतरणाऱ्याला तें आपल्या शिडाकडे पाहूनच शोधावें लागतें.